तिसऱ्या ओळीच्या आधी

तामाश तिसऱ्या ओळीपाशी आला, थांबला, आणि गालातल्या गालात जीभ फिरवून त्यानं 'टक' असा बारीक आवाज केला. माईकमधून तो खोलीभर ऐकू आला. पडद्यावरची अक्षरं निळी होत पुढे पळाली, अर्धी ओळ निळी झाली तरी हा आपला गप्पच, आणि मग सगळे शब्द एका दमात गोळा करून त्यानं ओळीच्या टोकाशी अक्षरांना गाठलं. लाओ पंगनं आरोळी ठोकली. पंगच्या बायकोनं फोन उंच धरला. थानच्या हातात कलिंगडाची फोड होती, तिचं पाणी मनगटावरून बाहीत उतरलं तरी त्याला पत्ता नव्हता. ती टक त्याची होती. ते गाणं चीनमधल्या या चूचौ शहरात लग्नकार्यात, कारखान्यात, घरोघरी हजारो लोक गात असतील, पण तिसऱ्या ओळीआधी असा आवाज करून ओळ उशिरा उचलणारा माणूस एकच होता, आणि तो गेली चार वर्षं गात नव्हता. तो इथं यंत्रापाशी कलिंगड खात बसला होता. आणि टक मात्र पुढे, पडद्यासमोर, एका हंगेरियन माणसाच्या तोंडातून निघाली होती. त्याच्या शेजारी दुसरा माईक धरून थानची बायको उभी होती.

कराओकेच्या या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर शनिवारची रणरणती दुपार असेल, श्यांग नदीवरून वाफ उठत असेल, पण आत सदा जांभळा अंधार आणि शीतयंत्राचा गारठा. दुपारी खोली स्वस्त मिळते म्हणून निवृत्त मंडळी दुपारी येतात. आज तामाशला निरोप द्यायचा होता. इथल्या रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला तो दीड वर्षापूर्वी आला होता, आता पुढच्या आठवड्यात मायदेशी चालला होता. बेत सूह्वाचा, थानच्या बायकोचा. थानचा जुना दोस्त लाओ पंग आणि त्याची बायको हवीतच, पंगशिवाय गाण्याच्या खोलीला रंग नाही. थाननं यायला नको म्हणायचं काही कारण नव्हतं, म्हणून तो आला, आणि सवयीनं यंत्रापाशी जाऊन बसला. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याची जागा तीच. कुणाचं गाणं पुढे घ्यायचं, कुणाचं मागे ढकलायचं, मूळ गायकाचा आवाज बंद करून नुसतं संगीत ठेवायचं, कुणी अडखळला तर तो आवाज हळूच पुन्हा सोडायचा, हे सगळं तो बघतो. सगळे म्हणतात, थानसारखं यंत्र कुणी सांभाळत नाही. एके काळी सगळे म्हणायचे, थानच्या हातातून माईक सुटत नाही. माणसं कौतुक करतात तेव्हा किती सहज जुनं कौतुक पुसून टाकतात, याचं त्याला नवल वाटायचं.

टकेचा जन्म त्याला लख्ख आठवत होता. तेव्हा कारखान्याचं नाचघर होतं, भिंतीला आरसे, कोपऱ्यात थाळीएवढ्या तबकडीवर चालणारं कराओकेचं यंत्र. गावातल्या सगळ्या पुरुषांसारखी थानच्या गालात चोवीस तास सुपारी. त्या दिवशी त्याच्याबरोबर गाणारी मुलगी आली नाही, आणि शाळेत शिकवणारी एक सडपातळ बाई, जी कुणाची तरी मैत्रीण म्हणून नुसती बघायला आली होती, तिला पुढे ढकललं गेलं. नदीच्या दोन काठांवरचे दोघं एकमेकांना हाका मारतात असं ते गाणं. तिनं दुसरी ओळ अशी उचलली की थान तिच्याकडे बघतच राहिला, आणि तिसरी ओळ आली तेव्हा सुपारी नको त्या बाजूला. त्यानं ती जिभेनं ढकलली, टक झाली, ओळ निम्मी निघून गेली, आणि मग तो धावत सुटला आणि तिला शेवटच्या शब्दावर गाठलं. चूक होती ती, शुद्ध फजिती. पण नाचघर टाळ्यांनी दणाणलं, आणि शाळेतली बाई हसली. हसताना तिनं तोंडावर हात धरला नाही. त्यानंतर त्यानं ती चूक जन्मभर जपली. स्वतःच्या लग्नात दोघं तेच गायले, लाओ पंगच्या लग्नात तेच. सुपारी नसली तरी टक व्हायचीच. त्या निम्म्या रिकाम्या ओळीत सूह्वा त्याच्याकडे वळून वाट बघायची. येतो की नाही? येणार हे तिला माहीत असायचं, तरी प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत तेवढी शंका असायचीच. त्या शंकेसाठी तो गायचा, दुसरं काही नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सुपारीनं केलं. गाठ गेली, सुपारी गेली, आणि आवाजाच्या जागी पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा निसटावी तसं काहीतरी उरलं. माणूस वाचला, आणखी काय पाहिजे, असं सगळे म्हणाले. तोही म्हणाला. सूह्वानं एका शब्दानं कधी गाण्याचा विषय काढला नाही, आणि त्याला वाटलं, सुटली बिचारी, कंटाळलीच असेल.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती परदेशी माणसांना घरी चिनी शिकवू लागली. जेवणाच्याच टेबलावर. एक कोरियन बाई आली, एक इटालियन जोडपं आलं, ती गेली. मग हा आला. उंच, डोक्यावर पुढे विरळ केस, आल्या आल्या बूट काढून नीट जोडीनं ठेवणारा. शिक्षिकेनं विद्यार्थ्याला चिनी नाव द्यायची रीतच आहे. कोरियन बाईला तिनं फुलाचं नाव दिलं होतं. याला तिनं नवऱ्याचंच आडनाव दिलं, थान. "तामाशमधला ता आहे ना, म्हणून," ती भांडी घासता घासता म्हणाली होती, आणि थाननं मान डोलावली होती. ताला जुळणारी आडनावं चिनी भाषेत आणखी नाहीत की काय? हे त्याच्या मनात तेव्हाच आलं होतं, पण साठीला टेकलेल्या माणसानं असल्या गोष्टीवरून तोंड वाकडं करणं शोभतं का? त्यानं केलं नाही. धड्याच्या वेळी तो खाली अंगणात पत्ते खेळायला जायचा. आवाजाविना माणूस घरात नुसता बसला की पाहुण्यासारखा वाटतो. वर चौथ्या मजल्यावर त्याच्याच घराची खिडकी, तिच्यातून कधी कधी गाण्याचा सूर यायचा. नीट ऐकू यायचा नाही, आणि तो मान वर करायचा नाही.

आज खोलीत आल्यापासून तामाशच्या कौतुकाला नुसतं उधाण आलं होतं. परदेशी माणूस कराओकेला आला की त्याला न विचारता दोन-तीन जुनी इंग्रजी गाणी लावून ठेवायची, हा सगळ्या शहराचा शिरस्ता. पंगनंही तेच केलं होतं. तामाश हात जोडून म्हणाला, "लाओ पंग, मला इंग्रजी गाणी येत नाहीत. माझं इंग्रजी वाईट आहे." त्यावर पंग एवढा हसला की त्याला ठसका लागला. "गोरा आहेस आणि इंग्रजी येत नाही? मग तू आमच्यातलाच, लेका!" तामाशनं एक साधं चिनी गाणं म्हटलं, दोन ठिकाणी सूर सोडून, तरी पंगच्या बायकोनं डोळे पुसले. "आमच्या पोरांनासुद्धा इतकं येत नाही हो," ती म्हणाली. थान प्लॅस्टिकच्या टाळ्यांचं खेळणं हलवत होता, तीन रंगीत हात खडखडत एकमेकांवर आपटतात ते. परक्याला सगळं माफ. तो नुसता आपल्या भाषेत उभा राहिला तरी आपण भरून पावतो. आणि जो तीस वर्षं जीव ओतून गायला, त्याचा गळा बसला तर त्याला म्हणायचं, यंत्र छान सांभाळतोस. थानला स्वतःचीच लाज वाटली. हा माणूस पुढच्या आठवड्यात जातोय. जाऊ दे की त्याला हसत. मग तामाशनं यंत्रापाशी येऊन, वाकून, अगदी नम्रपणे विचारलं, "काका, ते दोन काठांचं गाणं लावाल का? बाईंबरोबर म्हणायचं आहे." थाननं स्वतःच्या हातानं ते लावलं. मूळ गायकाचा आवाज बंद केला. तेव्हा त्याला फक्त थोडं टोचलं होतं.

आणि मग ती टक.

पहिलं कडवं संपलं. मधल्या संगीतात पंग ओरडला, "वहिनी, हा गडी तुमच्या नवऱ्याची नक्कल करतोय, की नवराच व्हायला बघतोय? हुबेहूब थान! डोळे मिटले तर मी फसेन!"

"गप बस रे पंग," सूह्वा म्हणाली. पण ती हसली. तिनं तोंडावर हात धरला नाही.

थानच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं त्याला शिकवलं. नुसतं गाणं नाही, गाणं कुठंही शिकता येतं. तिनं त्याला टक शिकवली. त्या टेबलावर, जिथं थान रोज सकाळी भाताची पेज पितो, तिथं समोर बसून तिनं आपल्या गालावर बोट ठेवून दाखवलं असेल, इथं, अशी जीभ फिरव. तो चुकला असेल, ती हसली असेल, पुन्हा दाखवलं असेल. म्हणाली असेल, आमचे हे असे करायचे, सुपारी असायची ना तोंडात. दोघं हसले असतील. खाली अंगणात तो हातात राणी घेऊन कुठलं पान टाकावं याचा विचार करत बसला असेल तेव्हाच. दुसरं काही झालं असेल असं त्याला वाटत नव्हतं. वाटलं असतं तर बरं झालं असतं, त्याला नाव तरी असतं, त्यावर भांडता तरी आलं असतं. हे कुणाला सांगणार? माझ्या बायकोनं माझी चूक दुसऱ्याला दिली? लोक त्याला वेड्यात काढतील. आडनाव दिलं, चूक दिली, आता त्या रिकाम्या अर्ध्या ओळीत त्याच्याकडे वळून बघायचं तेवढं राहिलं. दुसरं कडवं सुरू झालं होतं. सूह्वानं दुसरी ओळ उचलली. तिचा आवाज थोडा पातळ झाला होता, पण उचल तीच. तिसरी ओळ येणार, तो टक करणार, आणि ती वळणार. थानला ते बघायचं नव्हतं.

त्याचं बोट यंत्राच्या काचेवर गेलं आणि त्यानं 'पुढचं गाणं' दाबलं.

संगीत मध्येच तुटलं. पडद्यावर कुठल्या तरी नाचाच्या गाण्याचे ढोल सुरू झाले. तामाश उघड्या तोंडानं उभा राहिला. दुसऱ्याचं चालू गाणं कापणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं. पंगनं एकदा दारूच्या भरात साडूचं गाणं कापलं होतं, तर साडूनं वर्षानुवर्षं त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. आणि इथं पाहुणा, त्याची निरोपाची दुपार.

"कुणी कापलं रे?" पंग ओरडला. "थान! झोपलास काय?"

"हात लागला," थान म्हणाला. ढोलांच्या आवाजात त्याचा घोगरा आवाज कुणाला ऐकू गेला नसावा. सूह्वा मात्र माईक खाली करून त्याच्याजवळ आली आणि वाकून म्हणाली, "काय झालं?"

"चुकून हात लागला म्हटलं ना."

"तुझा?" एवढंच म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कारखान्यात तो क्रेन चालवायचा. अख्खं इंजिन उचलून चाकांवर ठेवायचा, खालच्या लोकांना धक्काही न जाणवता. त्याचा हात चुकून कुठंही लागत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती वळली आणि म्हणाली, "मी गरम पाणी घेऊन येते," आणि खोलीबाहेर गेली. तिथं टेबलावर गरम पाण्याचा थर्मास भरलेला होता.

पंगनं मान डोलवत ढोलांच्या गाण्याचा ताबा घेतला, बायकोला ओढलं, आणि दोघं नाचायला लागली. तामाश येऊन थानशेजारी बसला. बसताना त्यानं आधी विचारलं, बसू का. याचा हा सभ्यपणाच थानला सहन होत नव्हता. उर्मट असता तर काम सोपं होतं.

"काका, एक विचारू? ती टक मी बरोबर केली का?"

"कुठली टक?"

"तिसऱ्या ओळीच्या आधीची. बाईंच्या फोनवरच्या गाण्यात आहे ती. बाई म्हणाल्या, तेवढी करू नकोस, ती गाण्यातली नाही. पण मला वाटलं, तिच्याशिवाय ते गाणं अपुरं आहे. म्हणून मी घरी एकटा शिकलो. आज बाईंना न सांगता केली." तो ओशाळून हसला. "त्या रागावल्या का? म्हणून तुम्ही थांबवलं?"

थाननं कलिंगडाची साल थाळीत ठेवली. "फोनवर कुठलं गाणं?"

"जुनं आहे. पूर्वी कॅसेट होती म्हणे, बाईंनी दुकानात नेऊन फोनवर घेतली. मागे लोक बोलतायत, भांडी वाजतायत, कुणाचं तरी मूल रडतंय. त्यात एक माणूस आणि बाई गातात."

पंगच्या घरचं. पंगचा मुलगा महिन्याचा झाला त्या जेवणाला पंगनंच नवा टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. ती कॅसेट आपल्या घरात आहे हे थानला माहीत नव्हतं. कुठे ठेवली होती तिनं? एवढी वर्षं?

"धड्याच्या शेवटी ऐकायचो आम्ही," तामाश सांगत होता, एकेक शब्द वजन करून ठेवल्यासारखा. "आधी मी मागितलं म्हणून. मग मी मागितलं नाही तरी. कधी धडा संपून मी बूट घालत असायचो, तरी आत ते चालूच असायचं. मी एकदा विचारलं, बाई, हा आवाज कुणाचा? त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, एक जण होता, फार छान गायचा. मी पुढे विचारलं नाही. आमच्याकडेही असं बोलतात तेव्हा पुढे विचारत नाहीत." त्यानं माईकवरची जाळी बोटानं पुसली. "मला वाटलं, तो माणूस वारला. बाईंचे पहिले यजमान असतील. आणि तुम्ही नंतरचे. आत्ता लाओ पंग म्हणाले, हुबेहूब थान, तेव्हा मला कळलं. मला फार लाज वाटते आहे, काका."

तामाशनं शब्द शोधले, आणि अगदी पुस्तकातल्यासारखं, मनापासून म्हणाला, "आपण जिवंत आहात याचा मला आनंद आहे."

ढोल वाजत होते. पंगची बायको दमून सोफ्यावर पडली होती. थानला वाटलं, मोकळं वाटायला हवं. काही नव्हतं, काहीच नव्हतं, टेबलावर गालाला बोट लावून कुणी हसलं नव्हतं. उलट तिनं करू नकोस म्हटलं होतं, राखून ठेवली होती ती टक. पण आग विझेना. त्या आगीनं नुसतं तोंड फिरवलं, एवढंच झालं. दर दोन दिवसांनी त्याच्याच घरात त्या जुन्या गाण्यातून एक माणूस यायचा, तिशीतला, भरदार गळ्याचा, गालात सुपारी, आणि सूह्वा खिडकीकडे बघत त्याला ऐकायची. आणि खरा नवरा घरात असताना ते लावायचं नाही, एवढी काळजी घ्यायची. त्याला दुखू नये म्हणून? की त्या दोघांत हा नको म्हणून? रात्री ती शेजारी झोपलेली असते तेव्हा कधी तरी त्याच्या श्वासाची घरघर ऐकून ती कूस बदलते. तेव्हा ती कुणाकडे कूस वळवते? हंगेरियन बरा. तो पुढच्या आठवड्यात विमानात बसणार होता.

सूह्वा रिकाम्या हातानं परत आली. तिचे डोळे धुतल्यासारखे दिसत होते. तोवर ढोल संपले होते आणि पंगनं हुकूम सोडला होता, "ते काठांचं गाणं पुन्हा! पहिल्यापासून! पाहुण्याचं गाणं अर्धवट राहिलं तर त्याची परतीची वाट वाईट जाते. थान, लाव. आणि हात मांडीखाली घेऊन बस."

तामाशनं हातातला माईक थानपुढे धरला. "काका, तुम्ही."

थाननं मान हलवली. "माझ्याकडून टाळ्या," तो म्हणाला, आणि गाणं लावलं, मूळ आवाज बंद केला, संगीत जरा खाली आणलं, कारण सूह्वाचा आवाज आता पातळ झालाय हे त्याच्या लक्षात आलं होतं. ती त्याच्याकडे न बघता पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

तामाशनं पहिली ओळ म्हटली. दुसरी सूह्वानं उचलली. तिसरी ओळ आली, आणि तामाश थांबला. पण टक केली नाही त्यानं, ती त्यानं मालकाला परत केली होती. अक्षरं निळी होत निघाली. त्या रिकाम्या जागेत थानच्या बसलेल्या, सुपारी नसलेल्या गालात जीभ आपोआप फिरली, आणि माईकशिवायही खोलीत स्पष्ट ऐकू आली, टक.

सूह्वा गर्रकन वळली. तिच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, नाचघरातला, शंकेसकट. तो आनंद आधी आला. मग तिला यंत्राच्या उजेडात बसलेला थान दिसला, पिकलेले केस, गळ्यावरचा व्रण, हातात प्लॅस्टिकच्या टाळ्या, आणि तो आनंद विझला नाही, पण क्षणभर अडखळला. दुसऱ्या कुणाची वाट बघत दार उघडावं आणि ओळखीचाच माणूस निघावा, तसा. त्या अडखळण्यापुरता तो गाण्यातला, तिशीतला माणूस खोलीत होता. थाननं त्याला पाहिलं.

तामाशनं धावत जाऊन ओळीला गाठलं. पुढची ओळ सूह्वाची होती, ती तिनं सोडली.

"वहिनी! लक्ष कुठे आहे?" पंग ओरडला.

थाननं यंत्रावर हात नेला, मूळ गायिकेचा आवाज हळूच सोडला, आणि तिला सूर सापडेपर्यंत तो तसाच ठेवला. मग दुसऱ्या हातानं तो टाळ्या हलवू लागला.